पुढं न्या

"साप आणलाय का?"

हा प्रश्न मला दवाखान्याच्या दारात दोनदा विचारला गेला. पहिल्यांदा 1976 साली, तेव्हा मी 16 वर्षांचा होतो. दुसऱ्यांदा 2018 साली, तेव्हा 58 वर्षांचा. दोन्ही वेळा माझ्याजवळ साप नव्हता. दोन्ही वेळा त्या प्रश्नानंतर एकच हुकूम मिळाला, "पुढं न्या." मधल्या 42 वर्षांत रस्ता डांबरी झाला, बैलगाडीची जीप झाली, जीपची 108 झाली. हे दोन शब्द मात्र जिथल्या तिथं राहिले. ते आमच्याकडं कसे आले आणि का टिकले, ते मला कळलं तेवढं लिहितो.

आधी एक सांगून ठेवतो. आमचा माणदेश सातारा, सांगली आणि सोलापूर अशा तीन जिल्ह्यांत वाटला गेलाय. मी त्यातल्या कुठल्या जिल्ह्यातला ते इथं लिहीत नाही, आणि दवाखान्यांची नावंही घेत नाही. नाव घेतलं की लोक म्हणतात, तेवढा एक दवाखाना वाईट. तसं नाही ते.

आमच्याकडं रात्री सापाचं नाव घेत नाहीत. लांबडं म्हणतात, किरडू म्हणतात. चावला म्हणत नाहीत, "पान लागलं" म्हणतात. माझ्या लहानपणी पान लागलं की माणसाला मारुतीच्या देवळात नेऊन बसवायचे. कडुलिंबाचा पाला चघळायला द्यायचे. पाला कडू लागला तर विष चढलं नाही, गोड लागला तर चढलं, असा हिशेब. रात्रभर झोपू द्यायचं नाही, हलगी वाजवायची. बरेच जण सकाळी उठून घरी जायचे, कारण बहुतेक साप बिनविषारीच असतात. विषारी साप चावला तरी दरवेळी पुरतं विष सोडतोच असं नाही. पण श्रेय मारुतीला आणि मांत्रिकाला जायचं. जे जायचे त्यांचं "भरलं होतं" म्हणायचे.

दवाखाना म्हटला की जुन्या माणसांच्या तोंडात मिरज. डॉक्टर वानलेस नावाच्या मिशनरी साहेबानं 1894 साली तिथं दवाखाना काढला. माझे पणजोबा तिथं मोतीबिंदू काढायला चालत गेले होते, असं आज्जी सांगायची. वाटेत दोन मुक्काम. मोतीबिंदूला दोन मुक्काम चालतात, पान लागलेल्याला चालत नाहीत. म्हणून मिरज हे आमच्या लेखी सावकाशीच्या दुखण्याचं गाव होतं.

आता औषधाचं. मिरजेचा दवाखाना उघडला त्याच सुमाराला, 1895 च्या आसपास, फ्रान्समध्ये काल्मेत नावाच्या डॉक्टरनं सापाच्या विषावरचं औषध काढलं. घोड्याला विष थोडं थोडं टोचत जायचं, घोडा ते पचवतो, मग त्याच्या रक्तातनं औषध काढायचं. पुढं आपल्याकडं मुंबईला, परळच्या हाफकिन संस्थेतही असंच औषध तयार व्हायला लागलं. ही संस्था मुळात प्लेगसाठीची. प्लेगची लस काढणाऱ्या हाफकिन साहेबाची प्रयोगशाळा 1899 साली गव्हर्नराच्या परळातल्या जुन्या बंगल्यात आली आणि 1925 साली संस्थेला त्याचंच नाव दिलं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून एकच औषध. ते वाळवून पूड करून बाटलीत भरता येतं, म्हणजे बर्फावाचूनही टिकतं. हे सगळं माझ्या जन्माच्या आधीचं आहे. मी जन्मलो तेव्हा औषध तयार होतं. फक्त ते परळात होतं आणि आम्ही इकडं होतो.

औषध खेड्यात न्यायचं कसं, याचाही विचार कुणी केला नव्हता असं नाही. इंग्रज जाता जाता भोर समितीनं 1946 साली मोठा अहवाल दिला. खेड्यापाड्यांतनं प्राथमिक आरोग्य केंद्रं काढा, असं त्यात होतं. 1952 पासून विकास गटांबरोबर ती निघायला लागली. 1962 साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि केंद्रं त्यांच्याकडं गेली. तालुक्याचा आणि जिल्ह्याचा दवाखाना मात्र सरकारकडं. वाचणाऱ्याला यात काही वाटणार नाही. पण खालचा दवाखाना एकाचा आणि वरचा दुसऱ्याचा असला की मधल्या रस्त्यावरचा पेशंट कुणाचाच नसतो. हे मी दोनदा बघितलंय.

रस्त्याचीही एक गोष्ट आहे. आमच्या गावापासून आरोग्य केंद्र 7 किलोमीटर, तालुका 22. 1972 च्या दुष्काळाआधी ही नुसती गाडीवाट होती, मधे दोन ओढे. दुष्काळी कामावर त्या वाटेचा रस्ता झाला. माझी आई आणि थोरली बहीण, तिला आम्ही आक्का म्हणायचो, दोघींनी त्या रस्त्याची खडी फोडली. दुपारी सुकडी मिळायची, ती आक्का पदरात बांधून माझ्यासाठी आणायची. तिच्या डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख त्या खडीनं गेलं ते परत नीट आलंच नाही.

त्या आक्काचं 1975 साली लग्न झालं. 1976 च्या आषाढात ती आखाड तळायला माहेरी आली. माझी दहावी तेव्हाच झाली होती. जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीचा बोर्ड नुकताच सुरू झाला होता, आम्ही त्याची दुसरी बॅच. निकाल लागून मी पास झालो होतो आणि आक्कानं त्यासाठी गुळाच्या कापण्या केल्या होत्या. रात्री सोप्यात वाकळ टाकून आज्जी, आक्का आणि मी ओळीनं झोपलो.

मध्यरात्रीनंतर आक्का उठून बसली. पोटात कळ मारतीय म्हणाली. आईनं ओवा दिला. कापण्या बाधल्या असतील, असं सगळ्यांना वाटलं. आक्का पोटुशी असंल, असंही चुलती हळूच म्हणाली. तासाभरानं तिला बोलताना जीभ जड व्हायला लागली. आज्जीनं चिमणी तिच्या तोंडाजवळ धरली. आक्काच्या पापण्या खाली येत होत्या, ती जोर करून उघडत होती, त्या परत खाली येत होत्या. आज्जी म्हणाली, "आगं बया, पोरीला पान लागलंय."

अंग शोधलं. खूण नाही. सूज नाही. रक्त नाही. अंथरूण झटकलं, साप नाही. वडील म्हणाले, "आये, कायतरीच बोलू नगंस."

मला पुढं पुस्तकांतनं कळलं. मण्यार असंच करते. रात्री उंदराच्या मागं घरात येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दात एवढे बारीक की डास चावल्यासारखं वाटतं, पुष्कळदा जागही येत नाही. सूज येत नाही, आग होत नाही. आधी पोटात दुखतं, मग पापण्या, मग गिळणं, मग श्वास. आज्जी कुठल्या पुस्तकात वाचायला गेली नव्हती. तिनं तिच्या वयात तीन माणसं तशी बघितली होती.

गाडी जुंपून दिवस उगवायच्या आत आम्ही केंद्रावर पोचलो. डॉक्टर नव्हते. नसबंदीच्या कॅम्पाला गेले होते. तो आणीबाणीचा काळ. 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांवर नसबंद्या झाल्या असं पुढं वाचलं. मास्तर, तलाठी, डॉक्टर, सगळ्यांना कोटा ठरवून दिलेला. आमच्या केंद्राचे डॉक्टर त्या पावसाळ्यात केंद्रावर कमी आणि कॅम्पावर जास्त असायचे. त्यांना मी दोष देत नाही, त्यांची नोकरी टांगलेली होती.

कंपाउंडर होता. त्यानं गाडीत वाकून बघितलं आणि विचारलं, "साप आणलाय का?"

"न्हाय."

"खूण कुठं हाय?"

"खूण न्हाय."

"मग सापच कशावरनं? पोटाचं दुखणं आसंल. हितं काय न्हाय, तालुक्याला न्या. पुढं न्या."

आज्जी गाडीतनंच ओरडत होती, "पापन्या बघ की रं तिच्या." त्यानं बघितल्या नाहीत. बघून तरी काय केलं असतं, औषध त्याच्याकडं नव्हतंच.

पुढचे 15 किलोमीटर बैलांना झेपणारे नव्हते. येस्टी दहाला. आम्ही फाट्यावर लिंबाखाली थांबलो. एक ट्रक भेटला, त्यानं घेतलं. दुसऱ्या ओढ्याच्या अलीकडं वडिलांनी आक्काच्या नाकाशी सूत धरलं. सूत हललं नाही. ट्रकवाल्यानं तिथंच गाडी वळवली आणि आम्हाला गावात आणून सोडलं. पैसे घेतले नाहीत. तो रस्ता तिनं फोडलेल्या खडीचा होता.

तिच्या सासरची माणसं सांजच्याला आली. तोवर तिच्या उशापायथ्याला जे बोलणं झालं ते मी लिहीत नाही. कुणी म्हणालं विष खाल्लं, कुणी म्हणालं सासरी जायचं नव्हतं. खूण नव्हती ना.

पुढं मी शिकलो नाही. औताला हात लावला. पण एक सवय लागली. सापाबद्दल जिथं दोन ओळी छापून येतील त्या कापून ठेवायच्या. तशा दोन वह्या आहेत माझ्याकडं. पेपरला बांधून येणारी पुस्तिका, कृषी प्रदर्शनातलं पत्रक, सर्पमित्राचं भाषण, सगळं त्यात.

त्या वह्यांमध्ये कोर्टाचेही दोन निकाल आहेत. अपघातातल्या माणसाला कुठल्याही डॉक्टरनं आधी उपचार द्यायचे, पोलिसाचं नंतर, असं सुप्रीम कोर्टानं 1989 साली सांगितलं. दुसरा निकाल 1996 चा, तो मला जास्त जवळचा. बंगालमधला एक शेतमजूर 1992 च्या जुलैत संध्याकाळी रेल्वेतनं पडला, डोक्याला मार लागला. गावच्या केंद्रात सोय नव्हती म्हणून पुढं पाठवला. कलकत्त्यात रात्रभर एका सरकारी दवाखान्यातनं दुसऱ्यात, दुसऱ्यातनं तिसऱ्यात. कुठं खाट नाही, कुठं मशीन नाही. शेवटी खासगीत ठेवला, 17 हजार रुपये खर्च आला. शेतमजुरांच्या संघटनेनं केस केली. कोर्ट म्हणालं, वेळेवर उपचार न देणं म्हणजे जगण्याचा हक्क मोडणं, सरकारनं पैसे नाहीत असं म्हणायचं नाही. त्याला 25 हजार भरपाई मिळाली. मी तो निकाल वाचला तेव्हा आमच्या माणदेशातलाच गडी वाटला तो मला. फक्त त्याचा रस्ता मोठ्या शहरातनं गेला.

म्हणजे औषध होतं, केंद्र होतं, रस्ता होता, कायदा होता. 2014 साली महाराष्ट्रात 108 ची गाडी आली, 937 गाड्या, त्यात डॉक्टर. मी त्या दिवशी आमच्या मंडळीला म्हणालो होतो, आता आपल्या पोरांचं असं व्हायचं न्हाय. चार वर्षांनी त्याच 108 मध्ये ती पडून होती.

2018 चा श्रावण. नागपंचमी होऊन आठवडा झाला होता, हिनं भिंतीवर काढलेला नाग अजून पुसला गेला नव्हता. घरात दोन कॉट, एकीवर नातवंडं आणि दुसरीवर बाजरीची पोती. पोती भिजू नयेत म्हणून वर, आणि आम्ही खाली. शेतकऱ्याच्या घरात पोत्याला कॉट मिळते. रात्री दीडला ही उठली. पोटात कळ मारतीय म्हणाली.

मला ओवा आठवला आणि अंगावर काटा आला. मी काही न बोलता बसलो, तिच्याकडं बघत. अडीचच्या पुढं मी बॅटरी तिच्या तोंडावर मारली. म्हणालो, "माझ्याकडं बघ." तिनं बघितलं. पापण्या खाली आल्या. त्याच पापण्या, आक्काच्या.

108 ला फोन लावला. गाडी दुसरी बाळंतीण घेऊन गेली होती, तास लागेल म्हणाले. शेजाऱ्याची पिकअप काढली. केंद्रावर नर्सबाई होत्या, डॉक्टर तालुक्याला राहायला. बाईंनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बाबा, औषध आहे फ्रिजात. पण डॉक्टर नसताना मी लावू शकत नाही. एखाद्याला त्याची रिअ‍ॅक्शन येते, माणूस तिथंच जातो. पुढं न्या." खरं होतं ते. पण आता विचार करा, औषध परळातनं निघून आमच्यापासून 7 किलोमीटरवर येऊन फ्रिजात बसलं होतं, आणि तरी आमचं नव्हतं.

तालुक्याला एकच डॉक्टर, तोही प्रसूतीत अडकलेला. हातमोजे तसेच ठेवून बाहेर आला. खूण नाही, सूज नाही. पोटदुखी म्हणाला, ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं. मी मण्यार म्हणालो. तो म्हणाला, असंल तर हितं श्वासाचं मशीन नाही, जिल्ह्यालाच न्या. चिठ्ठीवर लिहिलं "पोटदुखी". त्या चिठ्ठीनं पुढं आमचा घात केला. तोवर 108 आली होती, तिच्यात घातलं.

जिल्ह्याच्या दवाखान्यात कॅज्युअल्टीला सकाळी सात दहाला पोचलो. स्ट्रेचर नव्हतं. एक होतं, त्यावर चादरींचं गाठोडं होतं. थोरल्यानं आणि मी हिला उचलून बाकड्यावर ठेवलं. केसपेपरच्या खिडकीत माणूस नव्हता, चहाला गेला होता. तो आला. नाव, वय, गाव. आधार कार्ड. आधार घरी राहिलं होतं. थोरल्यानं मोबाईलवर फोटो दाखवला, झेरॉक्स पाहिजे म्हणाला. झेरॉक्सचं दुकान नऊला उघडतं. गयावया केली तेव्हा लिहिलं.

टेबलावर तरुण डॉक्टर होता. डोळे लाल. त्यानं चिठ्ठी वाचली, हिला बघितलं नाही. म्हणाला, "पोटदुखी? ओपीडीला न्या, 12 नंबर. नऊला उघडेल."

मी म्हणालो, "साहेब, मण्यार हाय ही. पापण्या बघा."

"साप आणलाय का?"

42 वर्षं झाली होती. मला तिथंच बसावंसं वाटलं. मी म्हणालो, "साप न्हाय, खूण न्हाय, सूज न्हाय. मण्यारीची नसतीच. पोटात दुखतंय, पापण्या पडल्यात, आता बोलणं जड झालंय. औषध लावा."

"मामा, तुम्ही डॉक्टर आहात का?"

"न्हाय साहेब. दहावी."

रांगेतले दोघं हसले. डॉक्टर हसला नाही, वैतागला. सर्पदंश म्हणालात तर एमएलसी करावी लागेल, पोलीस चौकीत नोंद करून या, म्हणाला. थोरला चौकीकडं पळाला. चौकीतला जमादार म्हणाला, चिठ्ठीवर पोटदुखी आहे, मी सर्पदंश कसा लिहू? आधी डॉक्टरांचं लिहून आणा. थोरला परत आला. डॉक्टर एका अपघाताच्या पेशंटकडं गेला होता, मोटरसायकलवरची दोन पोरं, रक्तानं माखलेली. त्यांच्यासमोर आमची पोटदुखी कोण बघणार? मी डॉक्टर असतो तर मीही आधी त्यांच्याकडं गेलो असतो. रक्त दिसतं.

आठ वाजले. माणसं बदलली, तरुण डॉक्टर तोच. हिच्या तोंडातनं लाळ यायला लागली, गिळता येईना. मी तिचं डोकं मांडीवर धरून बसलो. माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगतो. उठावं आणि त्या टेबलावरची काच फोडावी. आमच्याकडचा एक जण असाच भांडला होता, सहा महिने कोर्टाच्या तारखा करत होता. आणि काच फोडल्यावर हिच्याकडं कोण बघणार? म्हणून बसलो. शेतकऱ्याच्या सबुरीचं लोक कौतुक करतात, निम्मी सबुरी अशीच असते.

साडेआठच्या पुढं एक वयस्क सिस्टर आत आल्या, ड्युटीवर नुकत्याच चढलेल्या. जाता जाता थांबल्या. हिच्या तोंडाकडं बघितलं. विचारलं, "रात्री खाली झोपला होता का?"

मी म्हणालो, "व्हय."

त्या खाली बसल्या. "आजी, वर बघा, पंख्याकडं." डोळे वर गेले नाहीत. "मान उचला." मान उठली नाही. "एका दमात आकडे मोजा, एकपासनं." ही पुटपुटली, एक, दोन, तीन... सहावर दम संपला. सिस्टर उठल्या आणि अपघाताच्या पडद्यामागं गेल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. तरुण डॉक्टर बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. पुढची वीस मिनिटं ना आधार, ना पोलीस, ना झेरॉक्स. त्याच स्ट्रेचरवरच्या चादरी खाली आल्या. दहा बाटल्या औषध सलाईनमधनं चढलं. सिस्टर शेजारी इंजेक्शन भरून उभ्या राहिल्या, रिअ‍ॅक्शन आली तर म्हणून.

पण मण्यारीचं विष नसांना एकदा चिकटलं की औषध ते सोडवू शकत नाही, नवं चिकटू देत नाही एवढंच. सव्वानऊला हिचा श्वास उथळ झाला. घशात नळी घातली. व्हेंटिलेटर होते तेवढे भरलेले. डॉक्टरनं नळीला रबरी फुगा लावला, अँबू बॅग म्हणतात त्याला, आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "मामा, हे दाबता येईल? चार मोजायचे आणि दाबायचं. थांबायचं नाही."

मी आयुष्यभर म्हशीची धार काढली आहे. हाताला दमाची सवय आहे. मी बसलो. एक, दोन, तीन, चार, दाब. हात दुखला की थोरला, थोरल्याचा दुखला की शेजारी. माझी बायको माझ्या मुठीतनं श्वास घेत होती. दुपारी थोरल्याला बसल्या बसल्या डुलकी लागली, पाच-सहा मोजण्याएवढी. सिस्टरनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. त्या बाईंचं नाव मला माहीत आहे, पण त्यांना विचारल्याशिवाय लिहिणार नाही.

संध्याकाळी सातला आतल्या वॉर्डातनं रडण्याचा आवाज आला. थोड्या वेळानं एका म्हाताऱ्या माणसाला झाकून बाहेर नेलं, मागनं त्याची लेक भिंतीला धरून चालली होती. दहा मिनिटांनी वॉर्डबॉय आला, "मशीन रिकामं झालंय." आम्ही उठलो. त्या लेकीच्या बाजूनं आमचं स्ट्रेचर गेलं. मी मान वर केली नाही.

चौथ्या दिवशी हिच्या पापण्या हलल्या. सहाव्या दिवशी नळी निघाली. तो तरुण डॉक्टर वॉर्डात आला होता, तेव्हा म्हणाला, "मामा, चुकलं माझं. मण्यारची केस मी पहिल्यांदा बघितली." आदल्या दिवशी सकाळपासून तो ड्युटीवर होता, असं सिस्टरकडनं कळलं. म्हणजे आम्ही पोचलो तेव्हा त्याला 24 तास होत आले होते. माझा राग गेला नाही, पण तो त्याच्यावरनं उठला. कुणावर बसवायचा ते अजून ठरत नाही. 2000 ते 2019 या 20 वर्षांत देशात सुमारे 12 लाख माणसं सर्पदंशानं गेली असा अभ्यास आहे, बहुतेक खेड्यातली, सुमारे निम्मी पावसाळ्यातली. शेतकरी साप चावून मेला तर वारसाला 2 लाख मिळतात. चांगली योजना आहे, आमच्या भावकीत मिळालेत. त्यालाही कागद लागतात. पण मेल्यावर सवड असते.

घरी आल्यावर ही एक दिवस चुलीपुढं बसून म्हणाली, "म्हस इकायची न्हाय."

मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"तुमीच की. थोरल्याला म्हनत हुता, पैसं लागलं तर म्हस इकू. आनि ती सिस्टर म्हनली, हात बदला. आनि डाक्टर म्हनला, आशा कमी हाय. समदं ऐकू येत हुतं मला. डोळं उगडत न्हवतं, बोट हलत न्हवतं. पर ऐकू समदं येत हुतं. तुमी आकडं चुकत हुता मधीमधी. पाचावर जात हुता."

ती हसली. मी हसलो नाही. मी उठून गोठ्यात गेलो. मण्यारीचं विष मेंदूला लागत नाही, माणूस शेवटपर्यंत शुद्धीत असतो, हे माझ्या वहीत लिहिलेलं होतं. मीच कापून चिकटवलं होतं. पण ते आक्काला लावून बघितलं नव्हतं कधी. केंद्राच्या दारात आज्जी ओरडली ते तिनं ऐकलं होतं. कंपाउंडर "पुढं न्या" म्हणाला तेही. लिंबाखाली मी वडिलांना विचारलं होतं, "आक्का मरंल का?" मी तिच्या उशाशीच उभा होतो.

आता घरात चार कॉट आहेत आणि पावसाळ्यात प्रत्येकीला मच्छरदाणी, गादीखाली खोचलेली. पोती खाली. आणि दरवर्षी मिरगाच्या आधी मी केंद्रावर जातो. सापाच्या औषधाच्या बाटल्या किती आहेत ते विचारतो. पहिल्या डोसाला दहा लागतात. औषधवाला आता ओळखतो, मला बघितलं की म्हणतो, "आलं का आजोबा मोजायला?" फ्रिज उघडून दाखवतो. डॉक्टर रात्री मुक्कामाला असतात का तेही विचारतो, त्यावर तो हसतो.

यंदा सहा होत्या.